ऐकू येते, पण कळत नाही : प्रगत जर्मनसाठी अस्सल चित्रफितींचा अभ्यास

परकी भाषा शिकणाऱ्याच्या वाटचालीत एक विचित्र टप्पा येतो. व्याकरण बऱ्यापैकी अवगत झालेले असते, दोन-तीन हजार शब्दांची पुंजी जमलेली असते, परीक्षेचे प्रमाणपत्रही हाती आलेले असते. आणि तरीही त्या भाषेचा माणूस समोर सहज बोलू लागला की कानावर नुसता एक सलग आवाज पडतो. शब्द ऐकू येतात, पण अर्थ लागत नाही. जर्मन भाषेच्या बाबतीत या टप्प्यावर काय करावे, याचा विचार आम्ही या लेखात मांडू इच्छितो.

हा विषय आज आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याबाबत करार केला. परिचर्या, वीजकाम, वाहनदुरुस्ती, उपाहारगृहसेवा अशा क्षेत्रांतील तरुण-तरुणी जर्मन शिकू लागले आहेत. निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेली, घरातील पहिली पदवीधर असलेली मुलेही त्यांत आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी घरच्यांनी पोटाला चिमटा काढलेला असतो. अशा मुलीने प्रमाणपत्र मिळवले, विमानात बसली, आणि रुग्णालयातील पहिल्याच पाळीत वरिष्ठ परिचारिकेचे बोलणे तिला उमगले नाही, तर तिची कुचंबणा केवळ भाषेची राहत नाही. तिचा आत्मविश्वास आणि तिच्या हातातील रुग्णाची सुरक्षितता, दोन्ही पणाला लागतात.

जर्मन भाषा आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली बॉन विद्यापीठातील प्रवेशासाठी जर्मन भाषेत पत्र लिहिले होते. ज्या ज्ञानाची गरज आहे ते ज्या भाषेत असेल ती भाषा शिकावी, हा त्यांचा बाणा होता. त्या काळी साधन होते पुस्तक. आज त्याच्या जोडीला जिवंत आवाजही घरबसल्या मिळतो. प्रश्न आहे तो त्याचा उपयोग कसा करावा एवढाच.

पातळी म्हणजे नेमके काय

युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार भाषेच्या सहा पातळ्या मानल्या जातात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. परिचारिकेच्या नोंदणीसाठी सामान्यतः बी-२ मागितली जाते. ऐकण्याबाबत हा आराखडा असे सांगतो की, बी-२ पातळीवर दूरचित्रवाणीवरील बहुतेक बातम्या आणि प्रमाण भाषेतील बहुतेक चित्रपट समजावेत. सी-१ पातळीवर बोलणे नीट बांधलेले नसले तरी फारसे श्रम न पडता कळावे. सी-२ पातळीवर, बोलणाऱ्याच्या ढंगाची सवय होण्यापुरता वेळ मिळाला, तर कितीही वेगाचे बोलणे अडू नये.

यातील ‘प्रमाण भाषेतील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बी-२चे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सर्व जर्मन कळेल, असे वचन कोणी दिलेले नाही. परीक्षेच्या ध्वनिफिती स्वच्छ उच्चारात, मागे गोंगाट न ठेवता ध्वनिमुद्रित केलेल्या असतात. खरे जग तसे नसते. परीक्षा आणि जग यांमधील हे अंतर भरून काढण्याचे एक स्वस्त आणि खात्रीचे साधन म्हणजे अस्सल चित्रफिती. शिकणाऱ्यांसाठी न बनवलेल्या, जर्मन लोकांनी जर्मन लोकांसाठीच बनवलेल्या चित्रफिती, असा या शब्दाचा अर्थ येथे घ्यावा.

अडते कोठे

ऐकण्यातील अडचण एकाच प्रकारची नसते. आमच्या मते तिचे दोन भाग पाडून पाहिले, की अभ्यासाला दिशा मिळते.

पहिली अडचण ध्वनीची. पुस्तकात ‘हाबन वीर’ (आमच्याकडे आहे का, आपण केले का) असे असते. बोलताना त्याचे ‘हामवा’ होते. ‘इस्ट’चा शेवटचा ‘ट’ गळून ‘इस’ उरते, ‘निश्ट’चे ‘निश’ होते, ‘हास्ट डू’चे ‘हास्टं’ होते. आपणही ‘काय करतो आहेस’ असे कोठे म्हणतो? ‘काय करतोयस’ असेच म्हणतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘करतोयस’ हा शब्द कोशात सापडणार नाही. तशीच आपली गत ‘हामवा’पाशी होते.

दुसरी अडचण रचनेची. बातम्यांचा निवेदक प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारतो, पण वाक्ये लांब, नामांनी भरलेली आणि एकात एक गुंतलेली असतात. रस्त्यावरच्या मुलाखतीत वाक्ये सोपी, पण उच्चार तुटलेले. म्हणून केवळ बातम्या ऐकणाऱ्याला बाजारात काही कळत नाही आणि केवळ गप्पा ऐकणारा बातम्यांत हरवतो. दोन्हींचा अभ्यास समांतर चालवावा लागतो.

मराठी येथे मदतीला येते

आपली मुले जर्मनची तुलना बहुधा इंग्रजीशी करतात. आमचे सांगणे असे, की ऐकण्याच्या बाबतीत मराठीशी तुलना अधिक फलदायी ठरते.

जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘डेअर पाट्सिएंट हाट गेझाक्ट, डास एअर डी टाब्लेटन गेस्टर्न आबंट निश्ट गेनोमन हाट’, म्हणजे ‘रुग्णाने सांगितले, की त्याने काल रात्री गोळ्या घेतल्या नाहीत’. दोन्ही भाषांत ‘नाही’ वाक्याच्या शेवटाकडे येते. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा ‘गोळ्या, काल रात्री’ एवढ्यावर अर्थ लावून मोकळा होतो. मराठी कान मात्र क्रियापदाची वाट पाहायला जन्मापासून शिकलेला आहे. ती सवय जागी करावी.

याहून नाजूक बाब विलग होणाऱ्या क्रियापदांची. ‘वीर झेट्सन डास मेडिकामेंट मॉर्गन आन’ म्हणजे उद्यापासून हे औषध सुरू करायचे. ‘वीर झेट्सन डास मेडिकामेंट मॉर्गन आप’ म्हणजे उद्यापासून बंद करायचे. सारे वाक्य सारखे, आणि शेवटचे एक अक्षर औषध सुरू की बंद हे ठरवते. वाक्य पूर्ण होईपर्यंत कान टवकारलेले ठेवणे हे येथे कर्तव्यच ठरते.

अंकांचेही तसेच. ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणजे पाच-आणि-वीस. आपले ‘पंचवीस’ही एकक आधी सांगते. वेळ सांगताना ‘हाल्प द्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे, तर तीनकडे जाणारा अर्धा तास, म्हणजे अडीच. पूर्व जर्मनीत आणि नैर्ऋत्येच्या श्वाबिया भागात ‘फिअर्टल द्राय’ म्हणजे सव्वादोन आणि ‘द्रायफिअर्टल द्राय’ म्हणजे पावणेतीन. ‘पावणे’ ज्याच्या तोंडी आहे, त्याला ही रीत समजायला वेळ लागत नाही. औषधाच्या वेळा पाळणाऱ्याने तिचा कानाने सराव करावा.

बोलण्यात पेरले जाणारे ‘डॉख, माल, या, हाल्ट, शोन’ हे लहान शब्द कोशातून उलगडत नाहीत. ते आपल्या ‘की, ना, बरं, हो, पण’ यांचे भाऊबंद आहेत. ‘कोम डॉख माल हेअर’ म्हणजे ‘ये की जरा इकडे’. ‘डू बिस्ट या शोन डा’ म्हणजे ‘अरे, आलास पण!’ ‘डास इस्ट हाल्ट झो’ म्हणजे ‘ते असंच असतं हो’. हे शब्द वगळले तर वाक्याचा अर्थ राहतो, पण आपुलकी जाते. चित्रफितीत बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो, म्हणून अशा शब्दांचा भाव तेथे पुस्तकापेक्षा लवकर उमगतो.

बातम्यांत दुसऱ्याचे म्हणणे सांगताना क्रियापदाचे वेगळे रूप वापरतात. ‘एअर हाबं डाफोन निश्ट्स गेवुस्ट’, म्हणजे ‘त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांना याची काही माहिती नव्हती’. ‘हाट’ऐवजी ‘हाबं’ आले, की हे विधान वृत्तसंस्थेचे नसून त्या व्यक्तीचे आहे असे समजावे. आपले ‘म्हणे’ हेच काम करते. फरक एवढाच, की ‘म्हणे’मध्ये अविश्वासाची छटा डोकावते आणि जर्मन रूप तटस्थ असते.

कोणत्या चित्रफिती निवडाव्यात

वाट पायरीपायरीने चढावी. बी-१ पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने लहान मुलांच्या कार्यक्रमांपासून आरंभ करण्यात कमीपणा मानू नये. १९७१ साली सुरू झालेला ‘डी झेंडुंग मिट डेअर माउस’ हा कार्यक्रम वस्तू कशा बनतात, यंत्रे कशी चालतात हे दाखवतो. निवेदक जे सांगतो तेच पडद्यावर घडत असते, त्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ डोळ्यांनी कळतो. ‘लोगो’ या मुलांच्या बातमीपत्रात दिवसाची मोठी घटना सोप्या वाक्यांत समजावली जाते.

पुढची पायरी ‘टागेसशाऊ’. १९५२ साली सुरू झालेले हे बातमीपत्र रात्री आठ वाजता सुमारे पंधरा मिनिटांचे असते. शंभर सेकंदांची त्याची छोटी आवृत्तीही मिळते. रोजच्या अभ्यासाला ती पुरेशी आहे. एकच बातमी आधी ‘लोगो’वर आणि मग ‘टागेसशाऊ’वर ऐकावी. आशय माहीत असल्याने दुसऱ्या वेळी सारे लक्ष भाषेकडे देता येते. विज्ञान आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ‘क्वार्क्स’ आणि ‘टेरा एक्स’ पाहावेत.

सी-१कडे जाणाऱ्यांसाठी एक कमी वापरले जाणारे, पण फार मोलाचे साधन आम्ही सुचवतो. जर्मन संसदेतील, म्हणजे बुंडेस्टागमधील भाषणांच्या चित्रफिती मोफत पाहता येतात, आणि त्याच भाषणांचे लघुलेखकांनी टिपलेले इतिवृत्तही मोफत मिळते. टाळ्या कोणत्या बाकांवरून पडल्या, मध्येच कोण काय ओरडले, हेही त्यात नोंदलेले असते. आधी भाषण ऐकावे, मग छापील मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकावे. लघुलेखक बोली भाषेला किंचित घासूनपुसून छापतात; तोंडी आणि छापील यांतील फरक शोधणे हा उत्तम अभ्यास आहे.

मालिका आणि चित्रपट यांची पाळी सर्वांत शेवटी. १९७०पासून चालू असलेली ‘टाटॉर्ट’ ही गुन्हेकथांची मालिका प्रसिद्ध आहे. तिच्यातील पात्रे पुटपुटतात, एकमेकांचे बोलणे तोडतात, आपापल्या शहराच्या ढंगात बोलतात. काही कार्यक्रम हक्कांच्या कारणास्तव जर्मनीबाहेर दिसत नाहीत. तसे झाले तर त्यामागे न लागता उपलब्ध कार्यक्रम घ्यावा. निवडीपेक्षा सातत्य महत्त्वाचे.

अभ्यासाची रीत

नुसते पाहत राहणे म्हणजे अभ्यास नव्हे. तासभर पाहण्यापेक्षा तीन मिनिटांचा तुकडा सहा वेळा ऐकावा. आम्ही सुचवतो ती रीत अशी :

१. पहिल्यांदा उपशीर्षकांशिवाय, न थांबता ऐकावे. कोण बोलत आहे, कशाबद्दल, आणि बोलणाऱ्याचे मत काय, एवढ्या तीनच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत.

२. दुसऱ्यांदा ऐकताना कळलेले शब्द टिपावेत. न कळलेल्या जागी रेघ मारून पुढे जावे.

३. तिसऱ्यांदा जर्मन उपशीर्षके लावावीत. इंग्रजी किंवा हिंदी उपशीर्षके लावू नयेत. ती लावली की डोळे वाचतात आणि कान झोपतात. यंत्राने आपोआप बनवलेली उपशीर्षके नावे, बोलीतील शब्द आणि लहान अव्यये यांत चुकतात, हे ध्यानात ठेवावे.

४. रेघा मारलेल्या जागा आता तपासाव्यात आणि प्रत्येकीपुढे कारण लिहावे : शब्दच माहीत नव्हता, की माहीत असूनही उच्चार ओळखता आला नाही? हे कारण म्हणजे या अभ्यासाचा गाभा आहे. पहिल्या प्रकारच्या रेघा अधिक असतील तर वाचन वाढवावे. दुसऱ्या प्रकारच्या अधिक असतील तर ऐकणे वाढवावे.

५. नंतर निवेदकाच्या अर्ध्या पावलावर मागे राहून मोठ्याने बोलावे. शाळेत पाढे म्हणताना जसा एकमेकांच्या आवाजाचा ठेका धरला जातो, तसा हा ठेका धरायचा असतो. जो आवाज आपल्या तोंडातून निघतो, तो कानाला ओळखता येऊ लागतो.

६. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा उपशीर्षकांविना एकदा ऐकावा, आणि त्यातील आशय एका मिनिटात जर्मनमध्ये सांगून स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावा.

नव्या शब्दांची संख्या दिवसाला दहाच्या पुढे जाऊ देऊ नये. शब्द एकटा न लिहिता ज्या वाक्यात ऐकला त्या वाक्यासह लिहावा. वेग कमी करून ऐकण्याची सोय असते. ती एखाद्या अडलेल्या वाक्यापुरती वापरावी, कारण मंद वेगाची सवय झाली तर खरा वेग कायम परका राहतो. रोज अर्धा तास एवढा नियम पुरे. चार-पाच जणांनी एका पडद्यासमोर बसून अभ्यास केला तर खर्चही वाटला जातो, आणि एकाच्या रेघेची जागा दुसऱ्याचा कान भरून काढतो.

बोलीची तयारी

बाडेन-वुर्टेम्बर्गला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. पुण्या-मुंबईच्या वर्गांत शिकवली जाते ती प्रमाण जर्मन. त्या राज्यातील वृद्ध माणसे मात्र बहुतांशी श्वेबिश किंवा आलेमानिश बोलीत बोलतात. तेथे ‘इस्ट’चे ‘इश’ होते, ‘निश्ट’चे ‘नेट’ होते, ‘वीर’चे ‘मीर’ होते. लहान घराला पुस्तकात ‘हॉइसशन’, तर तेथे ‘हाइसले’.

उच्चारांहून अर्थभेद अधिक फसवे असतात. प्रमाण भाषेत ‘हेबन’ म्हणजे उचलणे, श्वेबिशमध्ये ‘हेबन’ म्हणजे धरून ठेवणे. प्रमाण भाषेत ‘टेपिश’ म्हणजे गालिचा. श्वेबिश आजीने थंडी वाजते म्हणून ‘टेपिश’ मागितला, तर तिला अंगावर घ्यायला घोंगडी हवी असते. आणि ‘फूस’ म्हणजे पुस्तकात पाऊल. श्वेबिश माणसाचा ‘फूस’ मात्र बोटांपासून थेट कमरेपर्यंत पोहोचतो. रुग्ण ‘फूस’ दुखतो म्हणाला, तर परिचारिकेने पाऊलच तपासून थांबू नये. आपल्या मराठी ‘पाय’ या शब्दाची व्याप्तीही हीच असल्याने हा भेद आपल्या मुलींच्या सहज लक्षात राहावा.

त्या प्रदेशाच्या एसव्हेआर या प्रसारण संस्थेचे ‘लांडेसशाऊ’सारखे कार्यक्रम निघण्यापूर्वी काही महिने पाहावेत. त्यात शेतकरी, कारागीर, आजी-आजोबा आपापल्या ढंगात बोलतात. बोली बोलता येण्याची गरज नाही. ती ओळखता यावी आणि न कळल्यास ‘क्योनन झी डास बिटं नोख आइनमाल झागन’ असे नम्रपणे पुन्हा विचारता यावे. न समजता मान डोलावण्यापेक्षा पुन्हा विचारणे हे केव्हाही अधिक जबाबदारीचे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगी भ्रमणध्वनीसमोर बसून तेच तेच तीन मिनिटे पुन्हा पुन्हा पाहते आहे, तोंडाने काही पुटपुटते आहे, हे पाहून घरच्यांना वाटते की वेळ वाया चालला. तो वेळ वाया जात नाही, हे पालकांनी समजून घ्यावे अशी आमची विनंती आहे. जर्मनचा एक शब्दही येत नसला तरी पालक या अभ्यासात मोठी मदत करू शकतात. रात्री जेवताना विचारावे, ‘आज काय ऐकलंस? आम्हाला मराठीत सांग.’ जे खरोखर समजले आहे, तेच आईला तिच्या भाषेत सांगता येते. जेथे सांगताना अडखळायला होते, तेथे ऐकण्यात पोकळी राहिलेली असते, आणि ती शिकणाऱ्याला स्वतःलाच दिसते.

जे माजी विद्यार्थी आज जर्मनीत आहेत, त्यांच्याकडेही आमचे एक मागणे आहे. आपल्या गावात, आपल्या कामाच्या ठिकाणी रोज कानी पडणारी दहा वाक्ये, जशी बोलली जातात तशी, अर्थासह लिहून मागे शिकणाऱ्यांना पाठवावीत. कोणत्याही पाठ्यपुस्तकात न सापडणारा असा संग्रह हळूहळू तयार होईल. शासनाचे करार आणि परीक्षांची प्रमाणपत्रे दार उघडतात. आत गेल्यावर समोरच्याचे बोलणे समजण्यासाठी रोजचा अर्धा तास आणि एकमेकांची साथ लागते. ती आपण एकमेकांना देऊ शकतो.